उताऱ्याला शीर्षक द्या

मु. सावरबोडी, कोहमाऱ्याजवळ
१६ फेब्रुवारी १९४७

पूज्य शकुंतलाबाईंस शांतीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेले इंग्रजी शब्द मंगळवारच्या टपालाने मिळाले. शाळेत तुम्ही घालून दिलेल्या नियमाप्रमाणे एकही पाठ केला नाही. प्रत्येक शब्द घरात, अंगणात, तळ्याच्या पाळीवर (बांधावर) नेऊन उभा केला आणि त्याच्याजोगे तिथे काही दिसते का ते पाहिले. 'रिलक्टंट' लगेच सापडला. आमची म्हातारी गाय, दावे सोडले तरी उठत नाही. 'स्केअर्स', दुर्मिळ, म्हणजे आईच्या तोंडची स्तुती. 'रिलिंक्विश' मात्र राहिला. हातातली वस्तू आपणहून सोडून देणे, असा अर्थ डिक्शनरीत आहे. आमच्या घरात आपणहून कोणी काही सोडलेले मला आठवत नाही. बाबांनी तुडूम सोडला, पण तो गुडघ्यांमुळे. म्हणून ते वाक्य लिहिले नाही. (तुडूम म्हणजे तळ्यातून शेतांना पाणी सोडायचा दरवाजा. तुम्ही त्याला 'स्लूस' म्हणाला होतात.)

पाहिलेली एक गोष्ट इंग्रजीत लिहायला सांगितली होती, ती सोबत जोडली आहे. चुका फार असतील. मी लहान असताना एका वर्षी धान निसवायच्या वेळीच पाऊस निघून गेला, त्याची ही गोष्ट. तेव्हा तुडूम बाबांच्या हाती होता. आमच्या गावच्या कोहळ्यांत, म्हणजे आम्हा तळी बांधणाऱ्यांच्या जातीत, रीत अशी, की ज्याच्या हाती तुडूम त्याच्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेते) सगळ्यांत शेवटी भिजायच्या. आमची पाळी यायच्या आतच तळे आटले. आमचे धान उभे वाळले. होळीपर्यंत आई आणि बाबा एकमेकांशी बोलले नाहीत. त्याच वर्षी आमच्या बांधीला लागून जिची बांधी होती, ती विधवा धुरपताबाई डोक्यावर गाडगी-मडकी घेऊन गाव सोडून गेली. एवढेच. शेवट कसा करावा ते कळेना, म्हणून तिच्या जाण्यापाशीच थांबले.

परीक्षेची धास्ती वाटते. ट्रेनिंग कॉलेजात यंदा बायकांना दोनच जागा, आणि प्रवेशाच्या पेपरात इंग्रजीच्या न पाहिलेल्या उताऱ्यालाच सर्वांत जास्त गुण. बी.ए.ला इंग्रजीनेच मला तिसऱ्या वर्गात ढकलले होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी शाळेची पायरी कोणी चढलेले नाही, त्यामुळे मी कुठे चुकते आहे हे सांगायलाही घरात कोणी नाही. नातेवाइकांपुढे बाबांनी माझ्यासाठी लग्नाआधीचे हे एक वर्ष मागून घेतले आहे. यंदा नाही जमले तर पुढच्या वर्षी थांबायला कोणी तयार होणार नाही.

आई म्हणते, "तळ्यावर जाऊन पुटपुटत नको राहू. लोक म्हणतील, गोपीचंदची पोरगी बीए झाली अन् झपाटली."

आपली आज्ञाधारक
शांती


सावरबोडी
१४ मार्च १९४७

पूज्य शकुंतलाबाईंस सा. न.

तुमचे पत्र पोचले. निबंध परत आला नाही, पण 'ठेवून घेतला आहे, चांगला आहे' या तुमच्या शब्दांनी मला दोन दिवस काही सुचले नाही. तुम्ही एवढी स्तुती कधी करत नाही.

एक विचारायचे आहे, रागावू नका. शामकला येऊन गेली. गोंदियाच्या आपल्या शाळेत माझ्या शेजारी बसायची ती, पवारांच्या गुलाबचंद पटलांची मुलगी. तीही याच परीक्षेला बसते आहे. तुम्ही मला पाठवलेले शब्द मी तिला उतरवून दिले. ते तुम्ही माझ्यासाठी पाठवता, तर दुसऱ्याला द्यावेत का, याचा आधी पुष्कळ विचार केला. मग वाटले, आपल्या पाटात पाणी असताना शेजारणीला नाही कसे म्हणावे.

तिने मला हसवून हसवून बेजार केले. म्हणाली, "मले तं पॅसेज दिसला का पेटात मरोडा येते. त्यायचा बर्फ, त्यायचे शिकारी कुत्रे, त्यायचा बगीच्यातला चहा. कभी देखा नहीं, तो समझूँ कैसे? एखाद्या साहेबाले म्हणा, धानाच्या रोवणीचा पॅसेज वाचून दाखव."

मी म्हटले, "तो वाचेल. त्याला डिक्शनरी आहे."

"डिक्शनरीत चिखल भेटते का?"

खरेच बाई, 'मिस्ट' आणि 'फॉग' यांत फरक काय तो तुम्ही तीनदा समजावलात, तरी मला दोन्हींत पाळीवरचे सकाळचे धुकेच दिसते.

शांती


नागपूर
२२ एप्रिल १९४७

शकुंतलाबाईंस नमस्कार.

पेपर झाला. मी सगळे प्रश्न सोडवले. शामकलाच्या मावशीकडे उतरलो आहोत, उद्याच्या गाडीने परत जाऊ. तुमचे घर इथून जवळ आहे असे मावशी म्हणाल्या, पण मी येत नाही. डोके दुखते आहे.

उताऱ्याविषयी आज काही लिहीत नाही.

शांती


सावरबोडी
२ मे १९४७

शकुंतलाबाई,

तुमचे कार्ड आले. 'पेपर कसा गेला ते सविस्तर लिही.' लिहिते.

घंटा झाली, कागद उलटला, उताऱ्याचे पहिले वाक्य वाचले आणि कानांत पाणी शिरल्यासारखे झाले. आजूबाजूचा आवाज गेला. दुसरे वाक्य वाचायच्या आधीच मला ते येत होते. तिसऱ्यात 'स्केअर्स' कुठे येणार तेही ठाऊक होते, कारण तो शब्द तिथे मीच बसवला होता. मला वाटले, जागरणाने भ्रम झाला असेल. मी पदराने डोळे पुसून पुन्हा पाहिले. बाबा होते, तळे होते, तुडूम होता. खाली बारीक अक्षरांत छापले होते, 'एका प्रवाशाच्या टिपणांतून'.

बाई, तो प्रवासी कोण?

पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, तुडूम म्हणजे काय?" देखरेखीवरच्या गृहस्थांनी कागद जवळ-लांब धरून पाहिला. "कुछ बाजा-वाजा होगा. आगे पढ़ो." सगळे हसले. मी पण हसले असेन, मला आठवत नाही. हात मात्र बर्फासारखे गार पडले होते. बर्फ मी पाहिलेला नाही, तरी दुसरा शब्द सुचत नाही.

शेवटाला येईपर्यंत मला कळले होते, की हे तुमच्याशिवाय कोणाकडून आलेले नाही. माझ्या वाक्यांतल्या चुका तुमच्या पद्धतीने दुरुस्त झाल्या होत्या. पण शेवट माझा नव्हता. धुरपताबाईचे वाक्य काढले होते. त्या जागी असे होते, की कृतज्ञ गावकऱ्यांनी घरटी सूपभर धान त्या न्यायी माणसाच्या दारात आणून ओतले.

खाली प्रश्न. त्या कुटुंबाने ते वर्ष कसे काढले? वर छापलेच होते, उत्तरे उताऱ्याच्या आधारानेच द्यावीत. मी लिहिले, गावकऱ्यांनी दिलेल्या धानावर. आमच्या दारात कोणी सूप घेऊन आले नव्हते, बाई. लोक उलट म्हणत होते, गोपीचंद येडा आहे. तरी मी लिहिले, आणि हात थांबला नाही. शेवटचा प्रश्न, उताऱ्याला योग्य शीर्षक द्या. तुम्हाला काय आवडेल ते मला माहीत होते. 'अ जस्ट मॅन', न्यायी माणूस, असे लिहिले.

बाहेर आल्यावर शामकला माझा हात धरून म्हणाली, "शांती, पहिल्या बार पॅसेज वाचून पेटात नाही दुखलं व. धान होतं, पाट होता. मले वाटलं, कोणीतरी आपल्या गावाले येऊन गेला." ती इतकी खूश होती, की तो उतारा माझा आहे हे मी तिला सांगितले नाही. पेपर बरोबर सोडवला म्हणून तिच्या मावशींनी आम्हाला पुरणाचे जेवण घातले. मी ते खाल्ले.

तुम्ही हे काऊन केलेत? मला कळेल असे लिहा.

शांती


सावरबोडी
२५ मे १९४७

शकुंतलाबाई,

तुमचे लांब पत्र आणि कॉलेजचे पत्र एकाच दिवशी आले. दोन जागांतली दुसरी मला मिळाली. शामकला तिसरी आहे. मी गेले नाही तर ती. तिचेही कार्ड आले, त्यात रडणे नाही. 'तू जा, मी पुढच्या साली तुझ्या जुन्या पुस्तकांवर जगेन' असे लिहिले आहे.

हा पेपर तुम्हीच काढला आणि तपासला, हे कबूल करून तुम्ही लिहिता, 'शहरातली मुले लहानपणापासून जे वाचत आली, तेच त्यांच्यापुढे न पाहिलेला उतारा म्हणून येते. त्यांच्या वडिलांच्या कपाटात ती पुस्तके असतात. त्यांना कोणी चोर म्हणत नाही. एकदा तुझ्यापुढे तुझे तळे आले, तर काय बुडाले?' बाई, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी शोधले. जेवताना शोधले, विहिरीवर शोधले. तुमचे खरे वाटते. पण शामकलाच्या वडिलांच्याही घरी कपाट नाही.

आणि तुम्ही लिहिता, की धुरपताबाईचे वाक्य काढले, कारण त्याचा गोष्टीशी संबंध नव्हता.

त्यानंतर जे झाले ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि इथे सांगायला कोणी नाही.

परीक्षेतला तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्या कुटुंबाने ते वर्ष कसे काढले? मी निबंध लिहिला, पण आम्ही त्या वर्षी काय खाल्ले हे त्यात कुठेच नव्हते. मला ते कधी सुचलेच नव्हते. आई ओसरीवर तेंदूच्या पानांचे पुडे बांधत होती. मी तिच्याजवळ बसले, पाने लावून देऊ लागले आणि विचारले, "माय, धान वाळलं त्या साली आपण काय खाल्लो?"

"भात."

"कुठला भात?"

"बांधीतला. भात काय झाडाले लागते?"

"बांध्या तर वाळल्या होत्या."

"सगळ्या नाही वाळल्या." तिने दोरीची गाठ दातांनी ओढली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्या दिवशी अर्जुनीचा बाजार होता. तुया बाप बाजारात गेल्ता. भर दुपार, गावात माणूस नाही. पाणी धुरपतेच्या बांधीत जाऊन राहिलं होतं. तिच्यामागून आपली पाळी. मी पाळीवर जाऊन पाहिलो. तळ्यात तिच्यापुरतंच पाणी होतं. आपल्याले काही येत नव्हतं. मी पावडा घेतलो अन् मधातला धुरा फोडलो."

धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, बाई. वितभर उंच असतो. ओलांडायला पाऊलही उचलावे लागत नाही.

"मंग?"

"मंग काय. पाणी इकडं आलं. सांजेले चिखल लावून बुजवून टाकलो. तिले वाटलं, तळाच सरला."

"बाबांना?"

"ओला धुरा पाहून कोहळ्याले समजत नाही का? घरी येऊन पावडा पाहिला, धुवून ठेवला. बोलला काही नाही. होळीपर्यंत नाही बोलला."

मी म्हटले, "मला वाटायचे, तू बोलत नव्हतीस. आपले धान वाळले म्हणून तुला राग आला होता."

"मी कायले राग करू? मी बोलत होतो. रोज बोलत होतो. तो उत्तर नाही देत होता."

माझ्या हातातली पाने खाली पडली. तिने ती उचलून स्वतःच पुड्यात घातली.

"अशी डोळे फाडून पाहू नको. तुम्ही दोन लेकरं होता. त्या भातावर वाढली तू. तुयी हाडं त्याच धानाची आहेत. आता सीट भेटली तं गुपचूप घे. कोणी पुसलं का तुले? नाही ना?"

मी कॉलेजात पाच वर्षे उतारे वाचले. लेखकाला काय म्हणायचे आहे ते शंभर वेळा लिहिले. आणि माझ्याच घरचा, माझ्याच हातचा उतारा मी उलटा वाचला होता. रागावलेली होती ती आई नव्हे. न्यायी म्हणून जो माणूस मी लिहिला, त्याने चोरीचा भात खाल्ला होता, आणि मीही. आणि ज्याचा संबंध नव्हता ते वाक्यच सगळी गोष्ट होते. मला ते कोणी सांगितले नव्हते, तरी मी ते लिहून ठेवले होते. कशासाठी, ते अजून कळत नाही.

तीन दिवस मला ताप होता. आता उतरला आहे.

शांती


सावरबोडी
१५ जून १९४७

बाई,

तुमची दोन्ही पत्रे मिळाली. पहिल्यात तुम्ही मला धीर दिलात. दुसऱ्यात विचारलेत, की मी हे कोणाला सांगणार आहे का. दुसऱ्या पत्राचे अक्षर तुमच्या नेहमीच्या अक्षरासारखे नव्हते. तेव्हा आधी तेच सांगते. नाही. कोणाला सांगितले नाही, सांगणार नाही.

बाबा रोज संध्याकाळी पाळीवर जाऊन बसतात. तुडूम आता यादोरावांच्या हाती आहे, बाबा नुसते पाण्याकडे पाहतात. मी मागून जाऊन बसले. तळे फार खाली गेले आहे, मधला काळा दगड उघडा पडला आहे. मी म्हटले, "बाबा, तुडूम काऊन सोडला?"

"गुडघे."

"गुडघे घेऊनच तर तुम्ही रोज एवढं चढता."

खाली यादोराव तुडुमाच्या तोंडाशी अडकलेली काटक्या-पाने काढत होते. बाबा त्यांना ओरडून म्हणाले, "डाव्या अंगाले पाहून, यादोराव, तिकडं गाळ आहे." मग हळू आवाजात मला म्हणाले, "मायनं सांगतलन वाटते."

मी मान हलवली.

"भात मी बी खाल्लो, शांते. पोरं उपाशी ठेवून भात फेकणारा मी कोण? पण तो खाऊन मंग दुसऱ्याले कोण्या तोंडानं सांगू, थांब, तुयी पाळी नाही?"

"मायला काही बोलला नाहीत."

"काय बोलू? तिनं केलं ते मले करता आलं नाही, अन् तिनं केलं म्हणून तुम्ही जगले. कोणता शब्द बोलू, तूच सांग. तू शिकेल आहेस."



मी विचारले, "धुरपताबाईले सांगतलं नाही?"

"सांगाले गेलो होतो. धान कापून झाल्यावर. आपल्यातलं अर्धं तिले देऊ म्हणून पोतं घेऊन गेलो. घर खाली होतं. बालाघाटकडे खाणीवर गेली म्हणे." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "जाऊ जाऊ म्हणत दिवस काढलो. ती जायच्या आधी नाही पोचलो."

बाई, घरी आले आणि कॉलेजला अर्ज लिहिला. बाबांचे ऐकून निश्चय झाला, असे मी म्हणणार नाही. मला नुसती भीती वाटली, की दिवस निघून जातील. शामकलाचे घर अजून खाली झालेले नाही. तिच्यापर्यंत अजून पोचता येते. अर्जात कारण लिहिले नाही. 'घरची अडचण' लिहायला सोपे होते, पण ते खोटे झाले असते, आणि खरे लिहिले असते तर तुमची नोकरी गेली असती. म्हणून एकच वाक्य लिहिले, मी ही जागा सोडत आहे. त्यात तुमचा तो राहिलेला शब्द वापरला. 'रिलिंक्विश'. स्पेलिंग पाहावे लागले नाही. बाबांनी तुडूम सोडला, हेही वाक्य आता बरोबर आहे, वहीत लिहून घेतले.

कॉलेजचे शामकलाला पत्र गेले. ती परवा बैलगाडी करून भांडायला आली. "पागल झाली का तू? काऊन नाही जाऊन राहिली? कोणी लगीन जमवलं का?" मी म्हटले, "नाही जमवलं. मला जायचं नाही." ती म्हणाली, "झूठ. तुले जायचं होतं म्हणून तं मी अभ्यास केलो." रडली, मग जेवली, मग माझी डिक्शनरी मागून घेऊन गेली. मी ती दिली.

हे बरोबर केले का, मला माहीत नाही. शहरातल्या त्या मुलांच्या घरी कपाट असेल आणि त्यांना कोणी चोर म्हणणार नाही, हे तसेच राहील. पुढच्या वर्षी मला कोणी परीक्षेला बसू देईल असे दिसत नाही. नवेगावकडचे पाहुणे आठवड्यात मला पाहायला येणार आहेत. आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, सरकवते, उठून जाते. काल मात्र पाठ करूनच म्हणाली, "बापाचीच लेक. उपाशी मरशील अन् वरून पाळी सांगशील." एवढे ती बोलली, तर मी लगेच उत्तर दिले. मी म्हटले, "माय, भात वाढ." तिने वाढला.

तुमच्यावर मी रागावले आहे की तुमच्या पाया पडायचे आहे, ते मला ठरवता येत नाही. तुम्ही माझ्यासाठी धुरा फोडलात. मला कोणी त्याआधी एवढे काही दिले नव्हते. म्हणून शब्द पाठवणे आता थांबवा. ते मी कोणत्या हाताने घेऊ?

फक्त एक काम करा. माझा पेपर तुमच्या कपाटात असेल तर काढा. शेवटच्या प्रश्नाला तुम्ही मला पूर्ण गुण दिलेत, असे तुमच्याच पत्रात आहे. तिथले 'अ जस्ट मॅन' खोडा. त्या जागी 'धुरपताबाईची बांधी' लिहा. बांधीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नाही. डिक्शनरी शामकलाने नेली, आणि तिच्यातही तो शब्द नव्हता.

शांती